एका ठिकाणचा कोळी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही चार दिवस साखऱ्यास जाऊन राहिलों होतों. साखरा हें हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील एक गांव. आमची धाकटी बहीण तेथें दिलेली आहे. एके दिवशीं सकाळीं ओसरीवर कोवळें ऊन पडलें असतां आम्ही वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. इतक्यांत बहिणीचा आठ-नऊ वर्षांचा नातू काड्यांची एक रिकामी पेटी दोन्ही हातांत जपून धरून आमच्याकडे आला. पेटी किंचित् उघडून त्यानें आंत पाहावयास सांगितलें. आंत तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल असा एक करड्या रंगाचा प्राणी बसलेला होता. आम्ही त्यास पाहत होतों, आणि तोही अंग किंचित् उचलून, आमच्याकडे तोंड करून, तितक्याच लक्षपूर्वक आम्हांस पाहत होता. "आजोबा, याचें नांव काय?" मुलानें विचारलें. आम्हीं सांगितलें, "कोळी." त्यावर तो म्हणाला, "तें मला ठाऊक आहे. कोळी तर सगळेच. याचें स्वतःचें नांव काय?"

तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविण्यांत घालविलेल्या माणसास या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. मोंगलांच्या दक्षिणेंतील सुभेदारांचीं नांवें ओळीनें सांगणारे आम्ही. पण ज्या भिंतीस पाठ टेकून बसलों होतों, तिच्यावर संसार करणाऱ्या प्राण्याचें नांव आम्हांस सांगतां येईना. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र एक संवय जडलेली असते. उत्तर सांपडलें नाहीं म्हणजे तो प्रश्नाचाच इतिहास शोधूं लागतो. प्रत्येक जातीच्या कोळ्यास स्वतःचें नांव असावें ही कल्पना निघाली कोठून, आपल्या महाराष्ट्रांतील कोळ्यांस तीं नांवें कोणीं दिलीं, आणि 'हा कोळी फक्त अमक्याच ठिकाणीं सांपडतो' या वाक्याचा खरा अर्थ काय, याचा परत आल्यावर आम्हीं शोध घेतला. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या जुन्या वाङ्मयांत कोळ्यास मान कमी नाहीं. मुंडकोपनिषदांत अक्षरब्रह्मापासून विश्व कसें निर्माण होतें हें सांगतांना पहिला दृष्टांत आला आहे तो ऊर्णनाभाचा, म्हणजे कोळ्याचा; तो आपल्याच शरीरांतून तंतु काढतो आणि आपणच तो परत गिळून टाकितो. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपले चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांतही कोळी आहे. आणि पैठणच्या नाथांनीं त्या स्कंधावर मराठी टीका लिहून तो गुरु आपल्या घराघरांत पोंचविला. परंतु या सर्व ठिकाणीं कोळी म्हणजे जाळें विणणारा एकच एक प्राणी होय. शास्त्रकारांस त्याच्यापासून घ्यावयाचा होता तो बोध. त्याची जात विचारण्याचें त्यांस कारण नव्हतें. बोलींतही 'कोळी', 'कांतीण' हे शब्द जाळें विणणारा, बिळांत राहणारा, फुलावर दबा धरून बसणारा अशा सर्वांसच सारखे लागू पडतात. काड्यांच्या पेटींतील आमचा पाहुणा तर मुळीं जाळेंच विणीत नाहीं. तो उड्या मारून शिकार करणाऱ्या कुळांतला. या कुळाच्या आठ डोळ्यांपैकीं पुढचे मधले दोन फार मोठे असून त्यांची नजर या आकाराच्या प्राण्यांत तुलना नाहीं इतकी तीक्ष्ण असते. आणि त्यांची उडी पायांच्या स्नायूंच्या बळापेक्षां पायांत एकाएकीं वाढविलेल्या रक्ताच्या दाबावर अवलंबून असते. उडी घेण्यापूर्वीं हा प्राणी आपल्या तंतूचें टोंक भिंतीस चिकटवून ठेवितो, म्हणजे नेम चुकला तरी तो लोंबकळतो, पडत नाहीं. उपनिषदांतील कोळी आणि हा कोळी यांत तंतु तेवढा समान आहे.

जातवार नांवें देण्याचा उद्योग सुरू झाला तो स्वीडनमध्यें. लिनीअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ति १७५८ सालीं निघाली, आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांचा शक तेव्हांपासून मोजतात. त्यापूर्वींचीं नांवें शास्त्रज्ञ धरीत नाहींत. या कडक नियमास अपवाद एकच, आणि तो कोळ्यांचा आहे. लिनीअसचाच देशबंधु कार्ल क्लर्क यानें १७५७ सालीं, म्हणजे एक वर्ष अगोदर, स्वीडनमधील कोळ्यांवर एक चित्रमय ग्रंथ प्रसिद्ध करून प्रत्येकास दोन शब्दांचें नांव दिलें होतें. त्याचें काम इतकें पद्धतशीर होतें कीं, पुढच्या शास्त्रज्ञांना तें टाकवेना. म्हणून तो ग्रंथ १ जानेवारी १७५८ रोजीं प्रसिद्ध झाला असें मानावें, असा नियमच त्यांनीं केला. एका पुस्तकासाठीं कालगणनेस मुरड घालण्याचा हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकास मोठा मौजेचा वाटल्यावांचून राहत नाहीं.

हा उद्योग मुंबईस पोंचावयास सवाशें वर्षें लागलीं. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं एकत्र जमून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थनासमाजाचे संस्थापक. आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतिशास्त्राचे जाणते व रुखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासांत या दोघांचीं नांवें आपण वाचतों. परंतु पाखरें, साप आणि किडे यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे ते आद्य सभासद होते, ही गोष्ट आपल्या ध्यानांत क्वचितच असते. या संस्थेच्या सभासदांत सरकारी अधिकारी पुष्कळ असत. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे त्यांपैकीं एक. त्यांनीं प्रथम मुंग्यांचा नाद केला, मग विंचवांचा. जमविलेले विंचू ओळखण्याच्या कामीं त्यांचा संबंध लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील रेजिनल्ड पोकॉक यांच्याशीं आला. याच पोकॉकसाहेबांनीं १९०० सालीं हिंदुस्थानांतील कोळी व विंचू यांवर ग्रंथ लिहिला, आणि पुढें पुष्कळ वर्षें या विषयाचा तो आधारग्रंथ होऊन राहिला.

म्हणजे व्यवस्था अशी होती कीं, प्राणी आपल्या रानांत राहावा, पकडणारानें तो मद्यार्कांत बुडवून बाटलींत घालावा, बाटली आगबोटीनें जावी, आणि नांव लंडनमध्यें पडावें. या व्यवस्थेनें शास्त्राची मोठी सेवा झाली हें कृतज्ञतेनें मान्य केलेंच पाहिजे. परंतु बाटलीवरच्या चिठ्ठींत जें गांव लिहिलेलें असेल, तेंच त्या प्राण्याचें घर मानावें लागे, हा तींतील मोठा दोष होता.

हा दोष कसा भोंवतो याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. गुत्ती म्हटलें म्हणजे मराठी इतिहासाच्या वाचकास मुरारराव घोरपडे आठवतात. १७७६ सालीं हैदरअलीनें तें ठाणें त्यांच्याकडून घेतलें. या गुत्तीस रेल्वेच्या लांकडांच्या वखारींत एक मोठा, चकचकीत निळ्या रंगाचा, झाडावर राहणाऱ्या जातीचा कोळी सांपडला. पोकॉक यांनीं १८९९ सालीं त्याचें वर्णन करून त्यास 'पीसिलोथेरिया मेटॅलिका' असें नांव दिलें. त्यानंतर जो तो त्याचें घर गुत्तीस समजूं लागला. आणि गुत्तीस तर तो पुन्हा कोणास दिसेना. एकशेंदोन वर्षें अशीं गेलीं. अखेर २००१ सालीं तो नंद्याळ व गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलांत, म्हणजे गुत्तीपासून सुमारें शंभर किलोमीटर दूर, पुन्हा आढळला. वखारींतील तो कोळी लांकडांबरोबर आगगाडीनें आला असावा, असें आतां मानितात. त्याचें खरें रान शंभर चौरस किलोमीटरांहूनही लहान आहे. तेथेंही वृक्षतोड चालते, आणि तो सुंदर असल्यामुळें परदेशांतले हौशी लोक त्यास पैसे मोजून विकत घेतात. २००८ सालीं अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत त्याची नोंद झाली. ज्याचें घर शंभर वर्षें चुकीचें लिहिलेलें होतें, त्या घराचें रक्षण तरी कोणीं आणि कसें करावें?

स्वातंत्र्यानंतर नांवें लंडनऐवजीं आपल्याच देशांत पडूं लागलीं. प्राणिसर्वेक्षणखात्याची पश्चिम विभागाची कचेरी १९५९ सालीं पुण्यास निघाली. तेथें काम केलेले बंगाली शास्त्रज्ञ बिनयकृष्ण टिकादार यांनीं या विषयास सारें आयुष्य वाहिलें. त्यांनीं नांव दिलेल्या कोळ्यांत १९७३ सालचा 'नाफोसा पूनाएन्सिस' आणि मल्होत्रा यांच्यासह १९८० सालीं वर्णिलेला 'लायकोसा पूनाएन्सिस' हे आहेत. दोन्ही नांवांचा अर्थ 'पुण्याचा' असाच. हीं नांवें वाचून पुणेकरांस अभिमान वाटेल. परंतु पुण्याच्या मातींतच कोळ्यांस विशेष प्रिय असें कांहीं आहे असा अर्थ त्यांतून काढणें बरोबर होणार नाहीं. पुण्यास कोळी पुष्कळ नोंदले गेले, कारण पुण्यास ते शोधणारा मनुष्य होता. कोळ्यांचा नकाशा म्हणून आपण जो पाहतों, तो पुष्कळ अंशीं कोळी शोधणारांचाच नकाशा असतो. इतिहासांतही हेंच नाहीं काय? ज्या घराण्यानें दप्तरें जपलीं त्याचे पराक्रम आपणांस ठाऊक. ज्याचीं कागदपत्रें वाळवीनें खाल्लीं, त्याचे पूर्वज जणूं कधीं झालेच नाहींत.

आतां अगदीं अलीकडची हकीकत. २०२१ सालीं ध्रुव प्रजापति, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार, राजेश सानप आदि शास्त्रज्ञांनीं रशियांतील एका शास्त्रीय नियतकालिकांत महाराष्ट्रांतील उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाति प्रसिद्ध केल्या. दोन्ही अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या. अशा प्राण्याची जात रंगावरून ठरत नाहीं. पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडाजवळ आंखूड पायांसारखे जे दोन अवयव असतात, त्यांच्या टोंकाची घडण, किंवा मादीच्या पोटाखालील जननेंद्रियाची घडण, सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावी लागते. ती प्रत्येक जातींत निराळी असते. पोर वयाचा कोळी हातीं लागला तर थोर तज्ज्ञही बहुधा हात टेकितो. इतकें करून या शास्त्रज्ञांनीं जीं नांवें दिलीं, त्यांतील एक आहे 'फिंटेला चोळकी'. तें कमलेश चोळके या दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ दिलेलें असून तो कोळी मुंबईच्या आरे वसाहतींत सांपडला. दुसरा ठाणें-कल्याण परिसरांतला. त्याचें नांव 'आयसियस तुकारामी'.

हें नांव ऐकून मराठी वाचकाचें मन प्रथम देहूकडे धांवेल. परंतु हे तुकाराम निराळे. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत साहाय्यक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर त्यांनीं हल्लेखोराच्या बंदुकीची नळी उघड्या हातांनीं धरिली. अंगांत गोळ्या शिरत असतांही ती सोडिली नाहीं, आणि म्हणून तो हल्लेखोर जिवंत सांपडला. २००९ च्या प्रजासत्ताकदिनीं त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. तेवीस गोळ्या अंगावर घेणाऱ्या या वीराचें नांव आम्ही देत आहों, असें त्या शास्त्रज्ञांनीं नामकरणाचें कारण देतांना लिहून ठेविलें आहे.

एवढ्या मोठ्या माणसाचें नांव एवढ्याशा प्राण्यास द्यावें यांत कांहीं वाचकांस औचित्यभंग वाटेल. प्रथम आम्हांसही किंचित् तसें वाटलें. परंतु विचाराअंतीं मत पालटलें. पुतळा उभारला म्हणजे वर्षांतून एक दिवस हार पडतो. रस्त्यास नांव दिलें तर पुढची राजवट तें बदलूं शकते. शास्त्रीय नांव मात्र नियमानें बांधलेलें असतें. उद्यां या कोळ्याची गणना दुसऱ्या प्रजातींत झाली तर पुढचा शब्द बदलेल. 'तुकारामी' हा शब्द त्याच्याबरोबर जाईल. अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वींचीं क्लर्कचीं नांवें आजही चालतात. एका हवालदारपेशाच्या मराठी माणसास इतकें टिकाऊ स्मारक मिळालें, आणि तें अशा प्राण्याच्या रूपानें कीं जो स्वतःच्या आकाराचा विचार न करितां समोरच्यावर झेंप घेतो, यांत आम्हांस तरी औचित्यच दिसतें.

परंतु नांव टिकेल म्हणून प्राणी टिकेल असें नाहीं. चोळक्यांच्या नांवाचा कोळी ज्या आरे वसाहतींत सांपडला, ती मुंबईच्या दुधाच्या सोयीसाठीं वसविलेली. १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. तेथेंच ऑक्टोबर २०१९ मध्यें मेट्रोच्या गाड्यांच्या आगारासाठीं अवघ्या दोन-तीन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं. आगारही लोकांच्याच सोयीचें होतें, हें आम्ही विसरत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दोन पक्षांचा वाद चालला असतां त्या जागेंत कोण कोण राहतें याची यादी अगोदर तयार असावी. जागेचा मोबदला ठरवितांना आपण झाडें मोजतों, विहिरी मोजतों. ज्यास नांवच नाहीं त्यास मोजतां येत नाहीं.

येथें 'फक्त याच ठिकाणीं' या शब्दांकडे पुन्हा वळलें पाहिजे. त्यांचे अर्थ दोन होऊं शकतात. एक असा कीं, तो प्राणी खरोखर तेथेंच राहतो. दुसरा असा कीं, दुसरीकडे त्यास कोणीं शोधिलेंच नाहीं. कोळ्यांत दोन्ही गोष्टी संभवतात. पुष्कळ जातींचीं पिलें उंच जागीं चढून तंतु वाऱ्यावर सोडतात आणि त्याच्या जोरावर उडून जातात. १८३२ सालीं किनाऱ्यापासून साठ मैल दूर असलेल्या जहाजाच्या दोरखंडांवर असे असंख्य कोळी उतरलेले डार्विननें पाहिले होते. अशी जात पुष्कळ दूर पसरूं शकते. उलट गुत्तीच्या निळ्या कोळ्याच्या वर्गांतील पिलें बहुधा अशीं उडत नाहींत. आईच्या झाडापासून पायीं जाऊन जेवढें अंतर काटतां येईल तेवढेंच त्यांचें जग. तेथलें रान तुटलें म्हणजे जात संपली. म्हणून 'फक्त येथेंच' हें वाक्य खरें आहे कीं खोटें, हें ठरविणें ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. खरें असून आपण तें खोटें मानलें तर एक जात कायमची जाईल. खोटें असून खरें मानलें तर नको तेथें शक्ति खर्ची पडून हवी तेथें कमी पडेल. हा निर्णय लावण्यास दुसऱ्या शंभर ठिकाणीं जाऊन पाहण्यावांचून अन्य उपाय नाहीं.

जगांतील कोळ्यांच्या नांव मिळालेल्या जातींची संख्या एप्रिल २०२२ मध्यें पन्नास हजारांवर पोंचली. त्यांत उड्या मारणाऱ्यांचें कुळ सर्वांत मोठें, सहा हजारांहून अधिक जातींचें. पुण्याच्या बाणेरच्या टेकडीवर याच दशकांत अशीच एक जात सांपडली. तिच्या नांवांत तर शास्त्रज्ञांनीं आपला 'टेकडी' हा मराठी शब्दच घातला आहे. रोज सकाळीं त्या टेकडीवर फिरावयास जाणारे शेंकडों लोक तिच्या शेजारून जात होते. यावरून, दूरच्या अरण्यांतच नवें कांहीं सांपडतें हा समज सोडून द्यावा हें बरें.

परत निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं त्या मुलास जवळ बसवून एवढें सर्व नव्हे, पण याचा मथितार्थ सांगितला. त्याची मात्र निराशा झाली. "म्हणजे नांव नाहींच का ठाऊक?" असें त्यानें स्पष्ट विचारलें. आम्हीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, "मला ठाऊक नाहीं. तें सांगावयास हा पूर्ण वाढलेला नर आहे कीं नाहीं तें आधीं पाहिलें पाहिजे, आणि त्यासाठीं त्यास मारावें लागेल." यावर त्यानें क्षणभर विचार करून पेटी उघडली आणि कोळ्यास ओसरीच्या मातीच्या भिंतीवर सोडून दिलें. तो तेथें थांबला, वळून एकदां आम्हां दोघांकडे पाहिलें, आणि उडी मारून एका भेगेंत नाहींसा झाला.

ती भिंत येत्या उन्हाळ्यांत पाडावयाची आहे. तेथें सिमेंटचें घर होणार. बहिणीनें चाळीस पावसाळे त्या माळवदाखालीं गळती सोसून काढले; तिनें पक्कें घर बांधूं नये असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि भिंतीवरील पाहुणा बहुधा शेजारच्या गोठ्यांत आपला निवारा शोधील. तरीही ती पडण्यापूर्वीं एक गोष्ट करणें आमच्या हातीं होतें, ती आम्हीं केली. मुलाच्या वहीचें कोरें पान घेऊन त्याच्याकडूनच लिहून घेतलें: गांव साखरा, तालुका सेनगांव; दिवाळीची सुटी, तारीख अमुक; मातीची भिंत, पूर्वेचें ऊन; रंग करडा, पाठीवर दोन पांढरे ठिपके; पुढचे डोळे दोन मोठे; जाळें नाहीं, उडी मारतो. नांवाच्या पुढें त्यानें जागा मोकळी ठेविली आहे.

महिन्याभरानें बहिणीचा फोन आला. त्या वहींत आतां अकरा कोळ्यांची नोंद झाली असून घरांतील जळमटें काढण्यास नातू कोणास हात लावूं देत नाहीं, अशी तिची तक्रार होती. ती आम्हीं ऐकून घेतली, आणि मुलासाठीं एक चांगलें भिंग टपालानें धाडून दिलें.